गच्चीचं माप

भदौरियांचा मुलगा फीत घेऊन वर आला
तेव्हा माझ्या कुरडया अजून ओल्या होत्या.
त्यांना वळसा घालत घालत त्यानं मोजलं,
पूर्व-पश्चिम बावीस फूट, उत्तर-दक्षिण एकोणीस,
वजा गुप्ताजींच्या टाकीची सावली.
"आंटी, साडेतीनला ती कुठवर येते?"
मी चपलेच्या टोकानं रेघ दाखवली.
एकतीस उन्हाळे त्या रेघेमागे गाद्या सरकवल्या,
पण हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पॅनेलांचं तोंड दक्षिणेला, म्हणजे किल्ल्याकडे पाठ.
चालेल.
लष्करात घरं बांधणाऱ्यांनी तरी कुठे त्याला विचारलं होतं?

आता टेबलावर तीन कागद, उडू नयेत म्हणून वर अडकित्ता.

पहिल्यात नुसती पॅनेलं, तीन किलोवॉट.
दिवसाची वीज सरकारला द्यायची, रात्रीची मागून घ्यायची,
शेजारणीशी वाटीभर साखरेचं असतं तसं,
फक्त इथे मीटर विसरत नाही.
एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार. सबसिडी मागून.
पाच वर्षांत वसूल, असं मुलगा म्हणतो.
मी मांडलं तर सात येतात.
त्याच्या हिशेबात धूळ नाही
आणि इथे मे महिन्यात आभाळच पिवळं असतं.

दुसऱ्यात शिशाच्या चार बॅटऱ्या, जिन्याखाली.
दर दोन महिन्यांनी झाकण उघडून पाणी बघायचं.
हे मला जमेल. लोणच्याला जमलंच ना.

तिसरा लिथियम. भिंतीवर एक पांढरी पेटी,
वास नाही, पाणी नाही, दहा वर्षं बघायला नको.
किंमत सांगताना त्यानं आवाज खाली आणला,
पत्रिकेतला मंगळ सांगतात तसा.

यांचं मत पहिला. "लाईट जाते ती अशी किती जाते?"
(जाते तेव्हा हे बँकेत असायचे, जनरेटरखाली.)

शिवाय एक भानगड निघाली. बिल अजून मामंजींच्या नावावर,
गोपाळ त्रिंबक शितूत, वारले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली,
एकही तारीख चुकवली नाही त्यांनी.
सबसिडी मेलेल्या माणसाच्या खात्यात जात नाही.
म्हणजे आधी दाखला, मग अर्ज, मग दोन्ही नणंदांच्या सह्या,
आणि धाकटीशी आमचं बोलणं नाही.
हा खर्च तिन्ही कागदांत धरलेला नाही.

मग मी विचारलं,
भर दुपारी, डोक्यावर ऊन, आणि लाईट गेली,
तर पहिल्यावर माझा पंखा फिरेल?
"नाही आंटी. सिस्टम स्वतःला बंद करते."
एवढं ऊन असून?
"खांबावर लाईनमन चढलेला असतो ना.
आपल्या घरातून करंट उलटा गेला तर..."
वाक्य तिथेच ठेवून तो फीत गुंडाळत बसला.

आमच्या गल्लीत रामसेवक चढतो.
चपला खांबाशी काढतो, देवळाबाहेर काढाव्यात तशा.
सत्तेचाळीस डिग्रीत, ओल्या पंचाखाली पडून,
मी किती वेळा म्हटलंय, मेला कुठे उलथलाय.

काल दुपारी पुन्हा गेली.
हे मला म्हणाले, बघ, वीस मिनिटं, घड्याळ लाव.
मी घड्याळ लावलं नाही. खिडकीतून वर पाहिलं.
त्याचे तळवे दिसले, काळे, भेगाळलेले,
आणि बोटांनी खांबाची कड धरलेली.
बेचाळीस मिनिटं लागली. हे मी यांना सांगितलेलं नाही.

बॅटरीचं अजून ठरत नाही.
दोन तरी घ्याव्यात. एक पंखा, आणि फ्रिजमधलं यांचं इन्सुलिन.
बाकी घरानं बसावं अंधारात, तोवर.

एवढं मात्र मी पेनानं तिन्ही कागदांवर लिहून टाकलं:
सांगाडा आठ फूट उंच हवा,
त्याचे अठरा हजार वेगळे पडले तरी.
खाली खाट मावली पाहिजे.
आणि पूर्वेच्या चार फुटांवर काही लावू नका,
तिथे कुरडया.